डब्यातला सामन मासा आणि आपले स्वयंपाकघर

मृगाचा पाऊस सुरू झाला, की मिरकरवाड्याच्या बंदरात नौका ओळीने विसावतात. माशांच्या विणीचा काळ म्हणून 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची सरकारी बंदी असते. या दोन महिन्यांची तजवीज कोकणातील गृहिणी उन्हाळ्यातच करून ठेवते. सुके बोंबील, सोडे, जवळा, खारवलेला बांगडा यांचे डबे भरून फडताळात बसतात, आणि बाहेर मुसळधार पाऊस लागला असता एखाद्या दुपारी भाजलेल्या बोंबलाचा वास साऱ्या वाडीभर पसरतो.

या जुन्या डब्यांच्या शेजारी अलीकडे पुष्कळ घरांत एक निराळाच डबा दिसू लागला आहे. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी माणसे आखाती देशांत किंवा बोटींवर नोकरीस आहेत. ती सुटीवर येताना खजूर व साबण यांबरोबर सामन माशाचे एकदोन डबे आणतात. (या शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘ल’ असतो; उच्चारात तो नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) डबा मोठ्या कौतुकाने येतो खरा, पण त्याचे काय करावे हे कोणासच नीटसे ठाऊक नसल्यामुळे तो वर्षभर तसाच पडून राहतो.

आमच्या घरी असा डबा प्रथम आला, तेव्हा आम्ही बांगड्याचे कालवण करतात त्याच रीतीने वाटण घालून, मीठ टाकून, तो चांगली वीस मिनिटे रटरट शिजविला. मासा दिसेनासा झाला, रस्सा गढूळ झाला, आणि सारे इतके खारट झाले की मुलांनी ते केवळ सभ्यपणामुळे गिळले. चूक कोठे झाली याचा आम्ही शोध केला, तेव्हा एक साधी गोष्ट कळून आली. डब्यातला मासा अगोदरच शिजलेला असतो. ही एक गोष्ट समजली म्हणजे पुढचे सर्व आपोआप उमगते.

कारखान्यात माशाचे कच्चे तुकडे थोड्या मिठासह डब्यात भरतात, हवा काढून झाकण पक्के बसवितात, आणि मग तो बंद डबा दाबाखालच्या वाफेत सुमारे 120 अंश सेल्सिअस उष्णतेवर तासाहून अधिक वेळ ठेवतात. आपल्या घरच्या प्रेशर कुकरचे तत्त्वही हेच. या उष्णतेने आतील जंतू व त्यांची बीजे नष्ट होतात, आणि झाकण बंद असल्यामुळे नवे जंतू आत शिरू शकत नाहीत. अन्न बंद भांड्यात तापवून टिकविण्याची ही युक्ती निकोला आपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काढली, आणि 1810 साली त्याच्या सरकारने त्यास 12,000 फ्रँकांचे बक्षीस दिले. मौज अशी, की अन्न का टिकते हे खुद्द त्यालाही सांगता येत नव्हते; ते कारण पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने उलगडले. सामन मासा डब्यात भरण्याचा धंदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1864 साली सुरू झाला.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. इंग्रज लोक आपल्या रावसाला ‘हिंदी सामन’ म्हणत, आणि ते नाव अजूनही चालते. परंतु या दोन माशांचे कूळ अगदी भिन्न आहे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्यास पुन्हा नदीत चढतो. रावसाची रीत तशी नाही. रंगातही फरक आहेच.

आता पाककृतीकडे वळू. सर्वांत सोपा प्रकार कांद्यावरचा. जवळा करतो तसाच हा करावा. 213 ग्रॅमच्या लहान डब्यास दोन मोठे कांदे पुरेत. ते बारीक चिरून तेलावर लाल होईपर्यंत परतावे, त्यात हिरवी मिरची, हळद, घरचा मसाला व तीनचार कोकमे घालून कोकमे मऊ होऊ द्यावी. आणि अगदी शेवटी डब्यातील मासा रसासकट घालून दोनतीन मिनिटे गरम करावा. उलथन्याने फार ढवळू नये, नाहीतर भुगा होतो. मीठ चव पाहिल्यावाचून घालू नये, कारण ते डब्यातच असते. तांदळाच्या भाकरीबरोबर चार माणसांचे जेवण पंधरा मिनिटांत होते.

कालवण करणे असल्यास ओले खोबरे, मिरची, धणे यांचे वाटण, तिरफळ व कोकम यांचा रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यावा, आणि चुलीवरून उतरण्याच्या बेतात असताना मासा त्यात सोडावा. कटलेटांसाठी मासा उकडलेल्या बटाट्यात कालवून, रव्यात घोळवून, थोड्या तेलावर तांबूस करावा. आमच्या मुलांचा ओढा याकडेच अधिक.

चौथा प्रकार चुलीवाचून होतो, आणि आमच्या मते तो प्रत्येक विद्यार्थ्याने शिकून ठेवावा. दक्षिण कोकणात व गोव्यात सुक्या माशाचे किसमूर करतात. त्याच धर्तीवर चिरलेला कांदा, खवलेले खोबरे, मिरची, कोथिंबीर व लिंबाचा रस यांत डब्यातील मासा हलक्या हाताने मिसळावा, की झाले. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणास वाशिष्ठीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा किती स्वयंपाकघरे चिखलाने भरली हे आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको. अशा वेळी सुके बोंबील भिजून फुकट जातात, आणि ते वाचले तरी त्यांस विस्तव पाहिजे. डबा मात्र वरून साबणाने व स्वच्छ पाण्याने धुतला आणि तो फुगलेला, चेपलेला किंवा गळका नसला, तर आतील अन्न तसेच खाता येते.

सामनाचे काटे पुष्कळ जण निवडून टाकतात. तसे करू नये. वाफेच्या दाबाने ते इतके मऊ झालेले असतात की बोटांनी चुरडतात, आणि काट्यांसह 100 ग्रॅम माशातून 200 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. वाढत्या मुलांच्या हाडांना त्याची गरज असते.

कधी कधी माशात काचेच्या बारीक तुकड्यांसारखे खडे आढळतात. आम्ही एकदा एक अख्खा डबा ‘काच आहे’ म्हणून फेकून दिला होता. बहुतेक वेळा हे माशातीलच मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे निरुपद्रवी स्फटिक असतात. खडा कोमट शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, काही मिनिटे ठेवावा. स्फटिक असेल तर विरघळू लागेल. काच असेल तर जशीच्या तशी राहील, आणि मग डबा खुशाल टाकावा. शाळेच्या प्रयोगशाळेबाहेरही रसायनशास्त्र उपयोगी पडते ते असे.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. डबा फुगलेला असेल, सांध्याजवळ चेपला असेल, गंजून झिरपत असेल, किंवा उघडताच आतून फवारा उडाला, तर तो चव न पाहता टाकून द्यावा. हवा नसलेल्या जागी वाढणारा एक जंतू अशा डब्यात कधी कधी असे विष तयार करतो, की त्याने मज्जातंतू लुळे पडून माणूस दगावतो. आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. उघडलेल्या डब्यातील उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावा व दोन दिवसांत संपवावा.

परदेशी सामन महाग पडतो, आणि सोड्यांना सोडून तो मुद्दाम विकत घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. तारली, बांगडा किंवा ट्यूना यांचे डबे मिळाले तर त्यांसही हेच नियम लागू आहेत. ट्यूना मात्र कोरडा असतो, म्हणून त्यास खोबरे थोडे अधिक घालावे. ऑगस्टात नौका परतल्या आणि ताजा रावस घरी आला, की ही दोनतीन मिनिटांची सवय विसरावी. तो कच्चा असतो, आणि त्याला रश्श्यात पुरता शिजू द्यावे लागते.