विहिरीच्या पाण्याचा आलेख तारखेप्रमाणे काढा

उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीची वेळ आली की विहिरीचे पाणी पुरेल का, हा प्रश्न पडतो. आज पाणी किती आहे एवढे पाहून भागत नाही; ते किती वेगाने उतरत आहे, हेही पाहावे लागते.

यासाठी विहिरीच्या कठड्यावर कायमची खूण करावी. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी त्या खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी आणि वहीत तारीख व खोली असे दोन रकाने भरावेत.

समजा, १ ऑक्टोबरला खोली ३ मीटर, १ जानेवारीला ५ मीटर व १ फेब्रुवारीला ७ मीटर भरली. तिन्ही ठिपके सारख्या अंतरावर मांडले तर रेषा सरळ येते आणि पाणी एकाच वेगाने उतरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पहिले २ मीटर ९२ दिवसांत उतरले, तर पुढचे २ मीटर ३१ दिवसांत. म्हणजे वेग जवळजवळ तिप्पट झाला. तारखांचे अंतर दिवसांप्रमाणे ठेवले तरच हे दिसते.

घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असल्यास हे काम सोपे होते. ‘आर’ या मोफत संगणक भाषेत ‘प्लॉट’ नावाचे फंक्शन आहे. त्याला आधी तारखा व नंतर खोली दिली की आलेख तयार होतो. मात्र पुढील काळजी घ्यावी :

१) तारखा या तारखा आहेत, हे संगणकाला आधी सांगावे.
२) राहून गेलेल्या नोंदीच्या जागी शून्य लिहू नये, जागा रिकामी सोडावी.
३) उभा अक्ष उलटा घ्यावा, म्हणजे पाणी उतरले की रेषाही उतरते.

वरील विहीर १२ मीटर खोल असेल तर १ फेब्रुवारीला ५ मीटर पाणी उरते. महिन्याला २ मीटर हा वेग राहिल्यास एप्रिलच्या मध्यास तळ लागेल. फेब्रुवारीत पेरलेला भुईमूग मात्र मे अखेरपर्यंत शेतात असतो. अशा वेळी क्षेत्र कमी करावे किंवा पेरणी टाळावी. बियाण्यावर खर्च करण्यापूर्वी वही उघडून हा हिशेब अवश्य करा.