फुलीवरून पेटलेलं भांडण

पावसाळा सरत आला की बागेतल्या झुडपांत सिग्नेचर स्पायडरची जाळी दिसू लागतात. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेशमाची फुली, तिच्यावर दोन-दोन पाय जुळवून, डोकं खाली करून बसलेली मादी. दबा धरून शिकार करणारीने स्वतःच्या सापळ्यावर अशी ठळक पाटी का लावावी, या प्रश्नाने मला बरीच वर्षं छळलं आहे. अभ्यासकांनाही छळलं आहे, आणि त्यांचं आपसात अजून जमलेलं नाही.

फुलीने जाळं बळकट होतं, असं मानून फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमोन यांनी 1895 मध्ये तिला ‘स्टॅबिलिमेंटम’ म्हटलं. नाव टिकलं, पण कल्पना टिकली नाही. ही नक्षी जाळ्याला जेमतेम चिकटलेली असते. तिचं रेशीम तर भक्ष्य गुंडाळायला वापरतात तेच.

1983 मध्ये थॉमस आयझ्नर आणि स्टीफन नोविकी यांनी रिकाम्या जाळ्यांवर कृत्रिम खुणा लावल्या. पहाटे पक्षी उडू लागले तरी खूण असलेली बरीच जाळी शाबूत राहिली, बिनखुणेची फाटली. निष्कर्ष असा, की ही फुली म्हणजे पाखरांना ‘बाजूने जा’ अशी सूचना. 1990 मध्ये कॅथरीन क्रेग आणि गॅरी बर्नार्ड यांनी उलट बाजू लढवली: फुलीवरून अतिनील प्रकाश परावर्तित होतो, कीटक त्याकडे ओढले जातात, म्हणजे हे आमिष. 1999 मध्ये टॉड ब्लॅकलेज आणि जॉन वेन्झेल यांना मात्र फुलीच्या जाळ्यांत शिकार सुमारे 30 टक्के कमी आढळली. गिऱ्हाईक पळवणारी असली जाहिरात कोण करेल?

खरी गंमत 2001 ची. ब्लॅकलेज-वेन्झेल जोडीने दाखवलं, की फुली असली तर कुंभारीण माशीच्या तावडीतून कोळी अधिक वाचतात. त्याच वर्षी सिंगापूरमधल्या सीह आणि ली यांनी नेमकं उलटं मांडलं: पोर्शिया हा कोळीखाऊ उडीमार कोळी फुली पाहूनच जाळ्याकडे येतो! एकाच नक्षीने एक शत्रू चुकतो आणि दुसरा घरी येतो. दोन्ही निकाल खरे असू शकतात, कारण दोन्ही शत्रू वेगळे आहेत, त्यांचे डोळे वेगळे आहेत.

म्हणून ‘फुली कशासाठी?’ या प्रश्नाला एकच उत्तर मागणं मला हट्टीपणाचं वाटतं. क्रेग यांच्याच पनामातल्या कामात याची चांगली किल्ली आहे. तिथली अर्जिओपी, म्हणजे सिग्नेचर स्पायडरच्याच कुळीतली कोळीण, आपली नक्षी सतत बदलते. ती एकसारखी राहिली, तर डंख नसलेल्या मधमाश्या ते जाळं ओळखून टाळायला शिकतात. म्हणजे नक्षी बदलत राहिली तरच आमिष चालतं; आमिषाच्या बाजूने मला पटलेला हा सर्वांत सरस पुरावा. तरीही माझं मत संरक्षणाकडेच झुकतं. शिकार हुकली तर एक जेवण जातं, शत्रू आला तर जीव जातो.

यंदा गॅलरीच्या कोपऱ्यात असं जाळं दिसलं, तर झाडू बाजूला ठेवा आणि रोज सकाळी एक फोटो काढा. फुलीचे हात कधी चार असतील, कधी दोन, कधी एकही नाही.