लॅपटॉपची बॅटरी दीर्घकाळ टिकवण्यासाठी

बहुतेक लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि चार्ज होताना व वापरताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे ये-जा करीत असल्याने प्रत्येक चक्रागणिक तिची क्षमता किंचित घटते. उष्णतेमुळे आणि बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवल्यामुळे ही झीज वाढते. म्हणूनच माण-खटाव किंवा जत-आटपाडी भागात, जेथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेथे लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची हवेची छिद्रे बुजवणे किंवा तो उन्हात उभ्या गाडीत ठेवणे अधिक घातक ठरते. सातारा-सांगलीतील विद्यार्थ्यांनी चार्ज शक्यतो 20 ते 80 टक्क्यांदरम्यान राखावा आणि सेटिंग्जमध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवण्याची सोय असल्यास ती वापरावी. मात्र वीज जाणार असल्याचे आधीच ठाऊक असल्यास त्या दिवसापुरती बॅटरी पूर्ण भरण्यास हरकत नाही. उन्हाळी सुटीत लॅपटॉप बंद राहणार असेल, तर तो निम्मा चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावा. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. तिचा वापर ताबडतोब थांबवून ती अधिकृत सेवा केंद्राकडेच सोपवावी.