नेपच्यूनचे अंतरंग

सूर्यापासून सुमारे 450 कोटी किलोमीटरांवर नेपच्यून हा ग्रह फिरतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. सूर्यप्रकाशाला तेथे पोहोचण्यास चार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि पोहोचतो तोही आपल्या वाट्याच्या नऊशेव्या हिश्श्याइतका. अशा ग्रहाच्या पोटात काय आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर "आपण पाहून आलात काय?" असे विचारण्याचा श्रोत्यांना हक्क आहे. आम्ही तो हक्क मानतो. म्हणून नुसता निष्कर्ष न सांगता हिशेबच पुढे मांडतो.

हमालाला बंद पेटी उघडावी लागत नाही. आकार पाहून पेटी उचलली की आत कापूस आहे की लोखंड, हे त्याला कळते. शास्त्रज्ञांनीही हेच केले. 1846 साली नेपच्यूनचा शोध लागला आणि थोड्याच दिवसांत त्याचा उपग्रह ट्रायटन सापडला. उपग्रह किती अंतरावरून किती वेळात फेरी पुरी करतो, यावरून ग्रहाचे वजन निघते. ते भरले पृथ्वीच्या सतरापट. आकारमान मात्र सुमारे 58 पट. म्हणजे घनता आली पाण्याच्या 1.6 पट.

आता निवाडा करू. ग्रह केवळ दगडलोखंडाचा असता तर कितीतरी जड भरता; पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाचपट आहे. केवळ हायड्रोजन-हेलियमचा असता तर एवढ्या वजनाला पुष्कळ अधिक फुगलेला असता. तेव्हा आत पाणी, अमोनिया, मिथेन यांचा मोठा साठा असावा, असे अनुमान निघाले. या पदार्थांना शास्त्रज्ञ 'बर्फ' म्हणतात. म्हणून नेपच्यून आणि युरेनस, म्हणजे आपल्या पंचांगातला हर्षल, हे 'बर्फाळ महाग्रह' ठरले.

पण नावाने फसू नये. ढगांच्या माथ्यावर तापमान उणे 200 अंशांच्या आसपास असले, तरी खोलवर ते हजारो अंशांवर जाते. तेथला 'बर्फ' म्हणजे प्रचंड दाबाखालचा तप्त, दाट द्रव. पाय टेकायला जमीन नाही. सूर्याकडून मिळते त्याच्या अडीचपटीहून अधिक उष्णता हा ग्रह बाहेर टाकतो, आणि तेथले वारे ताशी 2,000 किलोमीटरांपर्यंत वाहतात. त्याचा चुंबकीय अक्ष भ्रमणाच्या अक्षाशी 47 अंशांनी कललेला, शिवाय मध्यापासून बराच सरकलेला आहे.

यांपैकी बरीच माहिती व्हॉयेजर-2 या यानाने 25 ऑगस्ट 1989 रोजी जवळून जाताना मिळवली. त्यानंतर तेथे एकही यान गेलेले नाही. त्या वेळी दिसलेला पृथ्वीएवढा काळा डाग 1994 साली हबल दुर्बिणीला सापडला नाही. चित्रांतला गडद निळा रंगही छायाचित्रे उठावदार करताना चढला होता. खरा रंग फिकट हिरवट निळा, जवळजवळ युरेनससारखाच, हे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

पेटीचे वजन पक्के आहे. आतल्या मालाची वाटणी मात्र पक्की नाही. दगड आणि वायू यांच्या मिश्रणानेही तीच घनता साधता येते, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. हा वाद मिटवायचा तर ग्रहाभोवती फिरत राहून मोजमाप करणारे यान हवे. तोवर 'बर्फाळ' हे नाव आपण सोयीचे लेबल म्हणून वापरावे. मालाची पावती म्हणून नव्हे.