तीन दिवसांचं कार्ताहेना

मुलांनो, ॲटलास उघडा पाहू. दक्षिण अमेरिकेच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला कोलंबिया देश दिसेल. त्याच्या कॅरिबियन समुद्राकडच्या किनाऱ्यावर एक बंदर आहे. नकाशातलं त्याचं नाव तुम्ही 'कार्टाजेना' असं वाचाल, पण तिथली माणसं म्हणतात 'कार्ताहेना'. पूर्ण नाव तर आणखी गमतीचं. कार्ताहेना दे इंडियास! कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला. तो पोचला भलतीकडेच, आणि त्या मुलखाला 'इंडीज' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. स्पेनमध्येही एक कार्ताहेना आहे, म्हणून हे इंडीजमधलं.

आज आपण या गावाची तीन दिवसांची सहल आखू. कागदावर आखायला पैसे पडत नाहीत. आणि कुणाचे आईबाबा खरंच निघणार असतील, तर हा कागद त्यांच्या हातात द्या.

आधी, जायचं कधी? हे गाव साधारण आपल्या कोचीच्या अक्षांशावर आहे. त्यामुळे बारा महिने उकाडाच. ऑक्टोबरात तिथे धो धो पाऊस असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी बाद. डिसेंबर ते मार्च हे महिने कोरडे. पुण्यात सकाळचे १० वाजतात, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. भारतातून थेट विमान नाही, वाटेत विमानं बदलावी लागतात. म्हणून जाण्यायेण्याचे दिवस या तिनांत धरू नका.

पहिला दिवस तटबंदीचा. मात्र दुपारी नको, ऊन उतरल्यावर चढा. हे गाव १५३३ साली पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने वसवलं. दक्षिण अमेरिकेतलं सोनंचांदी स्पेनला नेणारी जहाजं या बंदरात थांबत. जिथे गूळ तिथे मुंगळे! १५८६ साली इंग्रज फ्रान्सिस ड्रेक चालून आला, त्याने गाव ताब्यात घेतलं आणि मोठी खंडणी उकळूनच सोडलं. मग स्पेनच्या राजाने तट बांधायला घेतला. ते काम जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. तट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा होता आणि त्यातला बराचसा आजही उभा आहे. १९८४ पासून तो जागतिक वारसा आहे.

पण हे दगड वाहिले कुणी? मुख्यतः आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या दरवाजातून आत शिरलात की एक चौक लागतो. तिथे कमानींखाली मिठाईच्या टपऱ्या ओळीने मांडलेल्या असतात. खाऊ जरूर घ्या. मात्र पूर्वी याच चौकात माणसांचा बाजार भरत असे, हेही बरोबरच्या मोठ्यांना सांगा. पुष्कळ पर्यटक मिठाई खाऊन पुढे जातात!

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सान फेलिपेचा किल्ला गाठा. टेकडीवरचा हा किल्ला भलामोठा, आणि त्याच्या पोटात भुयारं आहेत. विजेरी न्या. पायथ्याशी ब्लास दे लेसो या सेनापतीचा पुतळा आहे. त्याने लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावला होता, एक हातही निकामी झाला होता. १७४१ साली इंग्रज सेनापती व्हर्नन शंभराहून जास्त जहाजं आणि वीस हजारांहून जास्त माणसं घेऊन आला. लेसोकडे होते चार हजारांच्या आसपास लोक. इंग्रजांना विजयाची इतकी खात्री, की निकालाआधीच विजयाची पदकं पाडली गेली. त्यांवर लेसो गुडघे टेकून शरण आलेला! प्रत्यक्षात व्हर्ननलाच माघार घ्यावी लागली.

यात लेसोच्या शौर्याचा वाटा होताच, पण आणखी एक सैनिक लढत होता. डास! पावसाळा सुरू झाला, पिवळा ताप पसरला आणि इंग्रजांची माणसं लढाईपेक्षा आजाराने जास्त मेली. हा ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं.

आता पालकांनी इथे नीट लक्ष द्यावं. तो डास म्हणजे आपल्याकडे डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती. डास आपल्याकडे आहे, पण पिवळा ताप नाही. एखाद्या प्रवाशाच्या अंगातून ताप इथे आला, तर पसरवायला डास तयारच बसलेत! म्हणून कोलंबियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. म्हणजे तिकिटाबरोबरच या सुईचीही तारीख ठरवा. व्हिसाची चौकशीही तेव्हाच.

किल्ल्यावरून उतरलात की जेवायला नारळाच्या दुधातला भात आणि तळलेला मासा मागवा. कोकणातल्या मुलांना अगदी घरच्यासारखं वाटेल. भावाच्या पाटीवर '$' दिसला तर दचकू नका, तिथल्या पेसोचीही खूण तीच आहे.

तिसऱ्या दिवशी बहुतेक लोक होडीतून रोसारिओ बेटांवर जातात. पाणी निळंशार असतं, मोह होणारच. पण मी असते तर सान बासिलिओ दे पालेंके या गावी गेले असते. कार्ताहेनापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी रानात जाऊन वसवलेलं हे गाव. बेंकोस बिओहो हा त्यांचा पुढारी. त्याला स्पॅनिशांनी १६२१ साली फासावर चढवलं, पण त्याची माणसं हरली नाहीत. पुढे स्पेनला त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. तिथे आजही स्पॅनिश आणि आफ्रिकेतली किकोंगो यांच्या मिश्रणातून झालेली वेगळीच भाषा बोलतात. त्या काळी बायका केसांच्या वेण्यांतून पळायच्या वाटांचे नकाशे विणत, असं गावकरी सांगतात. कार्ताहेनाच्या तटाचे दगड वाहणाऱ्यांची दुसरी बाजू इथेच कळते, म्हणून माझं मत पालेंकेला.

कार्ताहेनाच्या रस्त्यांवर रंगीबेरंगी झगे घालून, डोक्यावर फळांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या बायका मूळच्या याच गावच्या. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या. त्यांच्याजवळ 'अलेग्रिया' नावाचा लाडू मिळतो. भरड धान्याच्या लाह्या, खोबरं आणि गूळ यांचा. सुटे पेसो मात्र खिशात ठेवा.