तीव्र सेरेब्रल पाल्सी : निदान, नोंद आणि निगा

लंडनचे शल्यवैद्य विल्यम लिट्ल यांनी १८६१ साली सेरेब्रल पाल्सीचा संबंध कष्टप्रसूतीशी जोडला. परंतु मेंदूला गर्भावस्थेतही इजा पोहोचू शकते, असे जे मत सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये मांडले, त्यालाच पुढील संशोधनाने बळ दिले, आणि म्हणून केवळ प्रसूतीच्या घटकेवर बोट ठेवून मातेला किंवा सुईणीला दोषी ठरविणे अन्यायाचे होय. मेंदूतील इजा वाढत नाही, मात्र तिचे परिणाम वाढत्या शरीराबरोबर पालटतात. सबब निदान झाल्यावरही नोंद अखंड ठेवावी लागते.

पॅलिसानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, हालचालींच्या क्षमतेच्या पंचस्तरीय वर्गीकरणातील पाचव्या स्तरावरच्या मुलाला मान व धड सावरणेही दुष्कर असते. त्याच्या खुब्याचा सांधा वेदनेचा मागमूस नसतानाच खोबणीतून सरकू लागू शकतो, आणि ते वेळीच ओळखण्यास ठरावीक मुदतीने काढलेली क्ष-किरण छायाचित्रेच उपयोगी पडतात.

घरच्या वहीत आकडीच्या झटक्याची तारीख, वेळ व कालावधी, घास गिळताना लागलेला ठसका, घटलेले वजन, मोडलेली झोप यांची टिपणे असली, तर ती डॉक्टरांना लांबलचक कैफियतीहून अधिक सांगतात. भरविताना मूल आडवे नसावे. पाठीला आधार देऊन, मान मागे कलू न देता, छोटा घास द्यावा. बोलता न येणे म्हणजे समज नसणे, असे तर कोणी कदापि गृहीत धरू नये.

भारतात दिव्यांगत्वाचा दाखला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यान्वये मिळतो. अठराव्या वर्षानंतरच्या पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.