‘शेवटची कधी घेतली?’ : दारू सोडताना घड्याळ का बघायचं

व्यसनावर काम करायचं ठरवलं की आपल्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न सहसा असतो, ‘रोज किती पिता?’ दुसरा, ‘किती वर्षांपासून?’ दोन्ही हवेतच. पण ज्या प्रश्नावर समोरच्याचा जीव अवलंबून असू शकतो, तो राहून जातो: ‘शेवटची कधी घेतली?’

समजा, तुम्ही भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या आरोग्यावर काम करताय. बारा तासांची पाळी, मागांचा खडखडाट, बिशीतलं जेवण. तिथे कित्येक वर्षं रोज पिणारा एक कामगार तुम्हाला भेटतो. त्याला ताप येऊन तो खोलीवर पडून राहिला. किंवा निरोप आला म्हणून गोरखपूरच्या गाडीत बसला. किंवा बायकोला शब्द दिला म्हणून सोमवारपासून त्याने एकदम बंद केली. कारणं तीन, पण शरीरासाठी घटना एकच: दारू थांबली. इथून घड्याळ सुरू होतं.

पहिले चार दिवस

साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप लागत नाही. काहींना पहिल्या दिवसाच्या आसपास नसलेल्या गोष्टी दिसतात, आवाज ऐकू येतात. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान थोड्या रुग्णांमध्ये सगळ्यात गंभीर अवस्था येऊ शकते: डेलिरियम ट्रेमेन्स. माणसाला स्थळ-काळाचं भान राहत नाही, ताप चढतो, रक्तदाब वाढतो, तो भीतीने पळू बघतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण यातून बरे होतात. न मिळाले तर जीव जाऊ शकतो.

आता वरच्या उदाहरणांकडे परत बघा. गाडीत बसलेल्याला फिट येण्याचा धोका नेमका प्रवासातच. आणि अपघातात हाड मोडून वॉर्डात दाखल झालेला, ज्याच्या घरच्यांनी लाजेपायी पिण्याचं लपवलं, तो तिसऱ्या रात्री अचानक बरळायला लागतो. मग कोणी म्हणतं डोक्याला मार लागला, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. ‘शेवटची कधी घेतली?’ हे दाखल करतानाच विचारलं असतं तर अंदाज आधीच आला असता.

हे का होतं?

रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. मेंदूत एक बाजू शांत करणारी (गाबा), दुसरी चेतवणारी (ग्लुटामेट). दारू वर्षानुवर्षं पहिल्या बाजूने जोर लावते. तोल राहावा म्हणून मेंदू दुसरी बाजू बळकट करत जातो. एके दिवशी दारूने दोरी सोडली की चेतवणारी बाजू बेफाम होते. म्हणजे हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. उलट, निर्धाराने एका झटक्यात सोडणाराच इथे जास्त धोक्यात येऊ शकतो.

हे कळलं कसं?

डेलिरियम ट्रेमेन्स हे नाव थॉमस सटन यांनी १८१३ मध्ये दिलं. पण ते दारूच्या अतिरेकाने होतं, कुपोषणाने होतं की दारू थांबल्याने, हा वाद पुढे शंभराहून अधिक वर्षं चालला. निरीक्षणातून हे सुटणं अवघड होतं, कारण भरपूर पिणारा माणूस जेवतही कमी आणि आजारी पडला की पितही कमी. तिन्ही घटक एकमेकांत गुंतलेले.

१९५५ मध्ये हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लेक्सिंग्टन इथे दहा जणांना चांगला आहार आणि जीवनसत्त्वं देऊन दारू पाजली आणि मग ती अचानक थांबवली. सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले होते. आहार उत्तम असूनही थांबवल्यावर त्यांच्यातल्या काहींना फिट आल्या, भ्रम झाला. कुपोषणाचा घटक बाजूला काढल्यावरही परिणाम उरला.

रचना म्हणून हा प्रयोग चोख आहे. पण ते दहा जण पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेले कैदी होते. कैद्याची संमती किती मोकळी असते? आज कुठलीही नैतिकता समिती हा प्रयोग मंजूर करणार नाही. पद्धतीचा अभ्यास करताना या दोन्ही बाजू एकत्र वाचा.

उपचारांवरचं संशोधन

विड्रॉवलमध्ये मुख्य औषधं बेंझोडायझेपिन गटातली. ती शांत करणाऱ्या बाजूला तात्पुरता आधार देतात आणि मग हळूहळू कमी केली जातात. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावतात. अशा रुग्णाला थायमिन आधी किंवा सोबतच मिळायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो.

दोन अभ्यास आवर्जून वाचा. पहिला, १९९४ चा सेट्झ आणि सहकाऱ्यांचा. १०१ रुग्ण. एका गटाला ठरलेल्या वेळी औषध, दुसऱ्याला लक्षणं मोजून गरजेपुरतंच. दुसऱ्या गटात उपचारांचा मध्यक कालावधी ६८ तासांवरून ९ तासांवर आला आणि औषधही एक चतुर्थांशाहून कमी लागलं. पण कोणाला वगळलं होतं तेही बघा: पूर्वी फिट आलेल्यांना. म्हणजे सगळ्यात धोक्यातल्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरा, बंगळुरूच्या निम्हान्समधला, कुमार, अँड्रेड आणि मूर्ती यांचा, २००९ चा. नेहमीचं औषध क्लोरडायझेपॉक्साइड यकृतातून निघतं. यकृत खराब असेल तर लोराझेपाम बरं. पण यकृताची तपासणी लगेच होण्यासारखी नसेल तर? म्हणून त्यांनी १०० पुरुषांवर दोन्ही औषधांची तुलना केली. परिणाम सारखाच निघाला. साध्या सोयी नसलेल्या दवाखान्याची अडचण इथे संशोधनाचा प्रश्न झाली. असे प्रश्न भिवंडीतही शोधले तर सापडतील.

एक प्रश्न भाषेचा

लक्षणं मोजायला सीवा-एआर ही दहा मुद्द्यांची, ६७ गुणांची पट्टी वापरतात. त्यात अंगावर किडे फिरल्यासारखं वाटतं का, हे विचारतात. त्याच मुद्द्यात बधिरपणाही येतो, पण गुण लक्षणाच्या तीव्रतेनुसार. मराठीत तुम्ही ‘मुंग्या येतात का?’ असं विचारलंत, तर पाय आखडून बसलेला माणूसही ‘हो’ म्हणेल! भोजपुरी किंवा तेलुगू बोलणाऱ्या कामगाराला आपण मोडक्या हिंदीत विचारणार, तेव्हा घोळ आणखी वाढेल. आणि भ्रमात असलेल्या रुग्णाची उत्तरं धरून गुण द्यायचेच कसे? भाषांतरित पट्टी आधी तपासून घ्या, मग वापरा.

टाळेबंदीचा धडा

मार्च २०२० मध्ये दारूची दुकानं एकाएकी बंद झाली. बंगळुरूच्या रुग्णालयांतल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात गुंतागुंतीच्या विड्रॉवलचे रुग्ण दिवसाला सरासरी चारवरून आठवर गेलेले दिसले. दारू बंद होणं आणि दारू सुरक्षितपणे सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसतं. पण हा आकडा वाचताना स्वतःला विचारा: इतर दवाखाने बंद असल्यामुळे रुग्ण तिथे वळले असतील का?

मैदानात असताना

सकाळी हात कापतात म्हणून आधी घोट घ्यावा लागतो, पूर्वी सोडताना फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, यकृताचा आजार आहे, वय जास्त आहे: अशा माणसाने घरी, मनाने, एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरला गाठावं, आणि तोवर एका झटक्यात शून्यावर येऊ नये. धोका कमी असेल तर डॉक्टरच्या सांगण्याने, रोजच्या तपासणीसह आणि शुद्धीतलं माणूस सोबत ठेवून घरीही होतं. कामगारांच्या खोलीत सगळे पाळीवर गेल्यावर सोबत कोण, हे मात्र विचारावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणून दारूसोबत घेणं जीवघेणं ठरू शकतं. तसंच जेवणात चोरून डायसल्फिरामची गोळी घालणं. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, तोंडात काही घालू नका. चप्पल हुंगवणं, कांदा नाकाला लावणं, हातात किल्ली देणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. बरळणं, ताप, न थांबणारी उलटी, यातलं काहीही दिसलं तरी रुग्णालय. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. मानसोपचारासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

डिटॉक्स म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे, हेही सांगा. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात शरीर सावरल्यानंतर समुपदेशन आणि गटाचं काम असतं. ते झालं नाही तर माणूस पुन्हा प्यायला लागतो, पुन्हा सोडतो, आणि वारंवारच्या विड्रॉवलने पुढची खेप जास्त तीव्र होऊ शकते.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि अशा ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाला. उरलेल्यांपैकी कोणीतरी तुमच्या नमुन्यात येणारच. म्हणून नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच लिहून ठेवा: मुलाखतीत विड्रॉवलची लक्षणं दिसली तर मुलाखत थांबवणार, कोणाला फोन करणार, कुठे नेणार. भान हरपलेल्या माणसाची सही ही संमती नसते. आणि प्रश्नावलीत ‘शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न वर घ्या. उत्तरात दिवसासोबत वेळही लिहा.